चढावर पुढे, सपाटीवर मागे: सपाट रस्त्यावरची पॉवर वाढवायची कशी?

सपाटीचा_शत्रू
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

वय ३८, वजन ६१ किलो, रोड सायकल चालवायला लागून हे चौथं वर्ष. सहा महिन्यांपूर्वी पॉवर मीटर (पाय किती वॉट काढतात ते दाखवणारा) बसवला आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. आमचा सहा-सात जणांचा गट आहे. चढ आला की मी पुढे. २५ मिनिटांच्या चढावर सरासरी २०५ वॉट निघतात, वर पोचून पाणीबिणी पिऊन फोटो काढून होतात तोवर बाकीचे येतात. सपाट रस्ता लागला की बरोब्बर उलटं. कालव्याकडेचा ११ किलोमीटरचा सरळसोट रस्ता आहे, तिथे एकट्याने जीव तोडून चालवली तरी सरासरी १६५ वॉट, वेग ताशी ३०. पाय तेच, फुप्फुसं तीच, सायकल तीच. मग ४० वॉट जातात कुठे?

‘पायात ताकद कमी’ असं निदान माझं मीच केलं आणि दोन महिने ५०-१५ च्या जड गिअरवर (पुढे ५० दात, मागे १५) ७० च्या केडन्सने (मिनिटाला पेडलच्या ७० फेऱ्या) रेटत बसलो. वेग होता तिथेच आहे. उजवा गुडघा मात्र पुढच्या बाजूने कुरकुरायला लागलाय.

सपाटीवरची पॉवर वाढवायला नेमका कसला सराव करायचा? अनुभवी लोकांनी प्रकाश टाकावा.

चक्रम
सपाट रस्ता तिरका धरा. चढ होईल.

मंदगती
माझं याच्या उलट आहे. सपाटीवर मागे आणि चढावर त्याहून मागे. त्यामुळे तुलनेचा त्रास नाही.

गिअरबदलू
@सपाटीचा_शत्रू, आधी तो जड गिअर सोडा. गुडघा उगाच कुरकुरत नाहीये.

जरा हिशेब करू. १६५ वॉट ७० च्या केडन्सने काढायचे तर १७० मिमीच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) सरासरी साडेतेरा किलोचा दाब लागतो. तेच १६५ वॉट ९० ने काढलेत तर साडेदहा किलो. म्हणजे ५०-१९ टाका, ९० फेऱ्या मारा, वेग तोच ताशी ३० आणि प्रत्येक फेरीला तीन किलो वाचले. पेडल खाली दाबताना क्षणभर यापेक्षा पुष्कळ जास्त जोर पडतो, पण प्रमाण तेच राहतं.

आणि जिना चढताना तुम्ही एका पायावर अख्खे ६१ किलो उचलता ना? मग साडेदहा किलोसाठी ताकद कमी पडते हे निदानच चुकलंय. ताकद आहे, ती वीस मिनिटं सलग पुरवता येत नाही. दोन्ही वेगळी दुखणी आहेत.

वॅटसन
धागा आवडीचा निघाला, त्यामुळे जरा लांबण लावतो. चू.भू.द्या.घ्या.

इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पहिला: गटातले बाकीचे सपाटीवर पुढे का जातात? चढावर लढाई गुरुत्वाकर्षणाशी असते, तिथे किलोमागे किती वॉट हे महत्त्वाचं. २०५ भागिले ६१, म्हणजे तुमचे किलोमागे जवळजवळ ३.४ वॉट. गटातला एखादा ८० किलोचा गडी २४० वॉट काढत असेल तर त्याचे ३ च झाले. चढावर तुम्ही पुढे जाणारच. सपाटीवर लढाई हवेशी असते आणि हवा वजन विचारत नाही, समोरून तुम्ही किती दिसता ते पाहते. ८० किलोचा माणूस तुमच्या सव्वापट जड असला तरी समोरून सव्वापट रुंद दिसत नाही. त्याचे २४० वॉट तिथे वसूल होतात. हा अन्याय निसर्गाचा आहे, धाग्यात सुटणार नाही.

दुसरा प्रश्न खरा मजेचा: तुमचेच पाय चढावर २०५ आणि सपाटीवर १६५ का देतात? हे बऱ्याच जणांचं होतं. चढावर ताशी १५ ने जाताय असं धरू, सपाटीवर ३०. वेग दुप्पट, म्हणजे सायकल आणि तुम्ही मिळून जी गतिज ऊर्जा बाळगून असता ती चौपट. चढावर पाय जरा ढिला पडला की सायकल लगेच मंदावते, त्यामुळे पेडल कायम पायाखाली घट्ट लागतं. सपाटीवर सायकल आपल्याच जोरात पळत असते आणि पेडल पायाखालून निसटल्यासारखं वाटतं. जोर लावायला समोर काहीतरी लागतं, ते मिळत नाही. वेग नुसता टिकवून धरायचा आणि त्यात जोर घालत राहायचा ही वेगळी सवय आहे, ती सपाटीवरच लागते.

आता वाईट बातमी. हवेविरुद्ध लागणारी पॉवर वेगाच्या घनात वाढते. वेग १० टक्के वाढवायचा तर हवेसाठी ३३ टक्के जास्त वॉट. त्यामुळे नुसते वॉट वाढवून ३० चे ३३ करायला निघालात तर तुमच्या बसण्याच्या पद्धतीत ५० च्या आसपास वॉट जास्त लागतील. शरीर थोडं खाली घेतलंत तर यातला काही भाग फुकट मिळतो.

एक तपासून पाहा. तुमचा कॉम्प्युटर पॉवरच्या सरासरीत शून्य धरतो की वगळतो?

चक्रम
वॅटसनराव, ‘जरा’ लांबण?

साखळीतेल
बत्तीस वर्षं सायकल चालवतोय. त्यातली तीस वर्षं वॉट हा शब्द मला फक्त बल्बावर माहीत होता. हल्ली पोरं सायकल चालवतात कमी आणि आकडे चालवतात जास्त. (ह.घ्या.)

पॉवर मीटर नसलेल्यांसाठी माझी पद्धत सांगतो. कान उघडे ठेवा. पाय थांबला की मागच्या चाकाची फ्रीव्हील करकर वाजते. सपाट रस्त्यावर दोन खांबांच्या मधे एकदाही करकर येऊ द्यायची नाही. मग चार खांब. मग पूल ते पूल. खड्डा चुकवताना, पाणी पिताना, मागे वळून बघताना, कशातही पाय फिरता राहिला पाहिजे. करून बघा, पाच मिनिटांत मांड्या बोलायला लागतात. आम्हाला उस्तादांनी शिकवलेला सपाटीचा सराव एवढाच.

वॅटसन
@साखळीतेल, काका, आदर राखून म्हणतो, करकर ऐकून एफटीपी (साधारण तासभर टिकणारी पॉवर) वाढत नाही.

साखळीतेल
बाळा, एफटीपी बघून करकर थांबत नाही.

मंदगती
😂😂 काकांना माझं मत.

अनुताई
चांगला विषय. माझी गोष्ट सांगते, कदाचित उपयोग होईल.

मीसुद्धा हलक्या वजनाची, ५४ किलो. तीन वर्षांपूर्वी माझ्यातही असंच अंतर होतं. मी सगळ्यात मोठी चूक केली ती म्हणजे चढावर चाचणी देऊन त्यावरून झोन (सरावातल्या जोराच्या पातळ्या) ठरवले आणि इंटरव्हल (ठरावीक मिनिटं जोर, मग आराम) सपाटीवर करायला गेले. २० मिनिटांच्या चाचणीचे ९५ टक्के म्हणजे एफटीपी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण चाचणी दिली कुठे हे कोणी लिहून ठेवत नाही. माझे ‘थ्रेशोल्ड’चे (एफटीपीच्या आसपासचे) इंटरव्हल सपाटीवर आठव्या मिनिटाला ढासळायचे. मग स्वतःवर चिडायचं, पुढचा आठवडा टाळाटाळ. शेवटी सपाटीवर वेगळी चाचणी दिली, आकडा बघून रडू आलं, पण त्या आकड्यावर सराव जमायला लागला.

काय केलं ते सांगते. सुरुवात ३ वेळा ८ मिनिटं, सपाटीच्या एफटीपीच्या ९० टक्क्यांवर, मधे ४ मिनिटं आराम. आठवड्यातून दोनदा. दर आठवड्याला मिनिटं वाढवली, वॉट नाही. ३ गुणिले १०, ३ गुणिले १२, मग २ गुणिले २०. २ गुणिले २० हा प्रकार कंटाळवाणा आहे यात वाद नाही. अकराव्या मिनिटाला ‘आपण हे का करतोय’ असा प्रश्न पडतोच, त्याला उत्तर द्यायचं नाही. तीन आठवडे झाले की चौथा आठवडा हलका. तो हलका आठवडा मी पहिल्यांदा ‘वेळ वाया’ म्हणून गाळला होता. सहाव्या आठवड्यात झोप लागेना, सकाळचे ठोके नेहमीपेक्षा जास्त यायला लागले, तेव्हा शहाणपण आलं.

आणि गुडघा दुखत असताना यातलं काहीही सुरू करू नका. आधी तो शांत होऊ दे.

लांबपल्ला
अनुताईंशी थोडा असहमत. सगळे जण थ्रेशोल्डच्या मागे लागतात आणि पाया कच्चा राहतो. क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंचा सराव अभ्यासला तेव्हा त्यांची साधारण ८० टक्के सत्रं सोपी आढळली, अगदी गप्पा मारत करता येतील अशी. उरलेली २० टक्के मात्र चांगलीच कडक. आपण करतो नेमकं उलटं: सोप्या दिवशी जास्त जोरात, कडक दिवशी कमी जोरात. सगळंच मधल्या करड्या रंगात.

मी गेल्या वर्षी चार महिने फक्त झोन २, एफटीपीच्या ६० ते ७० टक्के. लोक ओव्हरटेक करून हसत गेले. जाऊ दे.

अनुताई
@लांबपल्ला, मान्य, पण ते खेळाडू आठवड्याला वीस-पंचवीस तास सायकलवर असतात. त्यांचे २० टक्के म्हणजेच चार-पाच तास होतात. ज्याच्याकडे आठवड्याला सहाच तास आहेत त्याने ८० टक्के रमतगमत काढले तर उरतो सव्वा तास. तुमच्याकडे वेळ किती होता?

लांबपल्ला
बारा तास. बरं, मुद्दा पोचला. तरी दोन कडक सत्रांच्या मधला दिवस खरंच सोपा हवा, एवढं तरी मान्य करा.

अनुताई
ते तर मी आधीच मान्य करून बसलेय. :)

खोगीर
पॉवर, पॉवर, पॉवर. बसता कसे ते कोणी विचारलंच नाही. @सपाटीचा_शत्रू, सपाटीवर हात कुठे असतात आणि कोपर सरळ असतं का?

सपाटीचा_शत्रू
हात ब्रेकच्या हूडवर (ब्रेकच्या मुठींवर). कोपर... आता आठवून बघतोय तर सरळच असावं. खाली ड्रॉपवर (हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर) हात नेले की दोन मिनिटांत मान अवघडते.

खोगीर
वाटलंच. हात हूडवरच ठेवा, पण कोपर वाका, इतकं की कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जमिनीला समांतर झाला पाहिजे. डोकं खांद्यांच्या मधे बुडवायचं. ड्रॉपपेक्षाही हे बऱ्याचदा बरं पडतं. फडफडणारं ढगळ जर्सी असेल तर तेही बदला.

फक्त एक. नव्या बैठकीत पहिले काही आठवडे वॉट कमीच येतात, कारण कमरेचा कोन मिटतो आणि पेडल वर येताना मांडी पोटाला भिडू लागते. म्हणून इंटरव्हल त्याच बैठकीत करायचे, आधी पाच मिनिटं, मग दहा. हूडवर ताठ बसून कमावलेले वॉट खाली वाकल्यावर आपोआप सोबत येत नाहीत. सीटची उंचीही बघा. टाच पेडलवर ठेवून पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे, कंबर न हलवता. सीट खाली असेल तर गुडघ्याचा पुढचा भाग दुखण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

बैठकीचं महत्त्व पटत नसेल त्यांनी १९८९ ची टूर दी फ्रान्स आठवावी. २३ जुलै, शेवटचा दिवस, व्हर्सायहून पॅरिसला २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाशी शर्यत). ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे. त्याने हँडलला ट्रायथलॉनवाले लावतात तसले पुढे निघालेले दांडे लावले होते आणि डोक्यावर लांबट हेल्मेट. लोराँ फिन्याँ साध्या हँडलवर, उघड्या डोक्याने, पोनीटेल वाऱ्यावर. लेमाँडने त्या दिवशी ५८ सेकंद काढले. तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली.

चक्रम
म्हणजे केस कापण्यातच जिंकला असता. माझ्याकडे ती अडचण निसर्गानेच ठेवलेली नाही, तरी वेग २४.

निवृत्त_मास्तर
खोगीर यांनी जुनी आठवण काढली म्हणून अवांतर. सपाटीचा खरा कस म्हणजे तासाचा विक्रम. एक माणूस, एक ट्रॅक, एक तास. १९७२ मध्ये एडी मर्क्स मेक्सिको सिटीला जाऊन ४९.४३१ किलोमीटर गेला. पुढे १९९३ मध्ये ग्रॅम ओब्री नावाचा स्कॉटिश माणूस आला. सायकल स्वतः बनवलेली, तिच्यात धुण्याच्या यंत्राचं बेअरिंग. हात छातीखाली दुमडून बसायचा. १७ जुलैला नॉर्वेत ५१.५९६. आणि सहाच दिवसांत ख्रिस बोर्डमनने बोर्डोमध्ये ५२.२७० करून तो मोडला. बिचाऱ्याला आठवडाभर तरी सुखाने मिरवू द्यायचं होतं.

वॅटसन
मास्तर, पुरवणी जोडतो. मर्क्स मेक्सिकोला गेला तो उंचीवरच्या विरळ हवेसाठी. हवा कमी, अडथळा कमी. दम जास्त लागतो, पण सौदा फायद्याचा ठरतो. आणि २०२२ मध्ये डॅन बिगम ५५.५४८ गेला. गडी पेशाने एरोडायनॅमिक्सचा इंजिनिअर. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत फिलिप्पो गान्नाने त्याच ट्रॅकवर, स्वित्झर्लंडच्या ग्रेनशेनला, ५६.७९२ केले. गान्नाकडे इंजिन होतं, बिगमकडे हवेचा हिशेब. नुसत्या हिशेबाने माणूस कुठवर जातो ते बघा.

मंदगती
धुण्याच्या यंत्राचं बेअरिंग कुठल्या साइझचं लागतं? घरी विचारून ठेवतो.

चक्रम
घरी विचारलंस तर हाताने धुवायला लागतील.

सपाटीचा_शत्रू
धागा मेक्सिकोला जाऊन आला, आता परत कालव्यावर आणतो. :)

आठवड्याला सहा तास मिळतात, कधी सात. घरी स्मार्ट ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र) आहे, दोन दिवस तोच. सीट मोजली, खोगीर म्हणाले तशी टाच लावून पाहिली तर गुडघा वाकलेलाच राहत होता. ८ मिमी वर घेतली. गुडघा सध्या शांत आहे. कोपर वाकवून फोटो काढून घेतला, स्वतःला ओळखलं नाही.

@वॅटसन, सरासरीत शून्य धरलं जातंय, सेटिंग तपासलं. त्याने काय फरक पडतो?

वॅटसन
पडतो ना. ती ११ किलोमीटरची राइड उघडा आणि किती वेळ केडन्स शून्य आहे ते बघा. सांगा इथे.

गिअरबदलू
ट्रेनर असेल तर एक युक्ती. अर्ग मोडमध्ये वॉट ट्रेनरच ठरवतो, म्हणून लोक छोट्या चेनरिंगवर (पुढच्या दातेरी चक्रावर) आरामात बसतात. तसं केलं की ट्रेनरचं फ्लायव्हील (आतलं जड चाक) हळू फिरतं आणि पायाला चढासारखं लागतं. मोठी चेनरिंग आणि मागे लहान कॉग लावा. फ्लायव्हील जोरात फिरेल, पेडल पळेल, वॉटसन म्हणाले ते ‘निसटणं’ घरबसल्या मिळेल. तेच १८० वॉट दोन्हीकडे करून बघा, पायाला फरक लगेच कळतो. पंखा मात्र तोंडासमोर हवा. नाहीतर घामाने वॉट पडतात आणि दोष पायांना.

वॅटसन
*वॅटसन. सन ला धक्का नको. बाकी युक्ती बरोबर.

वाराफिरला
वाऱ्याबद्दल कोणी बोलतच नाहीये, माझं आयडी वाया जातंय.

सपाटीवर वारा हाच चढ. लोकांना वाटतं जाताना समोरून लागला, येताना मागून मिळेल, फिट्टंफाट. नाही होत. २० किलोमीटर जाताना ताशी २० ने गेलात, येताना ३६ ने आलात. जायला एक तास, यायला ३३ मिनिटं. सरासरी २५.७. वाटतं २८. तोट्यात आपण वेळ जास्त घालवतो, म्हणून तोटा फिटत नाही. त्यामुळे समोरच्या वाऱ्यात थोडे जास्त वॉट, मागच्या वाऱ्यात थोडे कमी. आणि सरावासाठी समोरचा वारा म्हणजे वरदान: वेग कमी, पेडल घट्ट, चढासारखं. ज्यांना सपाटीवर जोर लावता येत नाही त्यांनी इंटरव्हल वाऱ्याच्या तोंडावर सुरू करावेत, मग आडव्या वाऱ्यात, शेवटी मागच्या वाऱ्यात. मागच्या वाऱ्यात २०० वॉट धरून दाखवणारा खरा.

लांबपल्ला
हे पटलं. मागच्या वाऱ्यात आपण सगळेच आळशी.

खोगीर
गटात चालवताना कुणाच्या चाकामागे बसलात तर साधारण एक तृतीयांश मेहनत वाचते, तेव्हा ‘मी गटात ३६ ने गेलो’ हे सरावाच्या वहीत लिहू नका. आणि कोपर वाकवून मान खाली घालण्याचे प्रयोग रहदारीत किंवा गटात नकोत. मी एकदा आकडा बघत बघत पुढच्याच्या मागच्या चाकाला चाक घासलं. कॉलरबोन, सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत पॉवर किती वाढली ते विचारू नका.

सपाटीचा_शत्रू
@वॅटसन, राइड उघडून बघितली. २२ मिनिटांतल्या जवळपास १३ टक्के वेळात केडन्स शून्य आहे. म्हणजे पावणेतीन-तीन मिनिटं मी नुसता बसून होतो! एका वेळी दोन-तीन सेकंदच, पण अशी किती तरी वेळा. मला आठवतसुद्धा नाही.

वॅटसन
तेच बघायचं होतं. १६५ भागिले ०.८७ करा. १९० येतात. म्हणजे पाय चालू असताना तुम्ही १९० वॉटच काढताय. तुमच्या ४० वॉटमधले २५ पायात आहेतच, फक्त पाय थांबतोय. उरलेल्या १५ साठी इंटरव्हल. (पाय सतत चालवलात तर १९० पहिल्या दिवशी टिकणार नाहीत, कारण ती दोन-दोन सेकंदांची विश्रांती जाईल. पण लक्ष्य कळलं.)

साखळीतेल
करकर.

वॅटसन
काका, ऐकू आलं.

अनुताई
मग आराखडा सोपा झाला. सहा तासांत: एक दिवस बाहेर ३ गुणिले ८ कोपर वाकवून, एक दिवस ट्रेनरवर मोठ्या चेनरिंगवर. ट्रेनरवर कधी २ मिनिटं ९५ टक्के, १ मिनिट १०५ टक्के असं आलटून पालटून. सपाटीवर कुणी झटका दिला की सावरायचं कसं ते यातून शिकता येतं. चार-पाच आठवड्यांनी पाहिजे तर ३० सेकंद कडक, १५ सेकंद हलके, असे १३, आणि अशी तीन आवर्तनं, मधे ३ मिनिटं आराम. नॉर्वेच्या रोन्नेस्टाड यांच्या संशोधनामुळे हा प्रकार प्रसिद्ध झाला, आणि करताना त्या देशाबद्दल वाईट विचार मनात येतात. सुट्टीच्या दिवशी अडीच तास निवांत, पण करकर न करता. दीड तासावरच्या राइडला तासाला ६० ग्रॅम तरी कार्बोहायड्रेट. उपाशीपोटी इंटरव्हल करून काही सिद्ध होत नाही.

चक्रम
तेरा गुणिले तीन? मी वाचूनच दमलो. वाचनखूण साठवली, आता पुन्हा उघडणार नाही.

सपाटीचा_शत्रू
धागा वर काढतोय. नऊ आठवडे झाले.

काल पहाटे वारा पडलेला असताना कालव्यावर गेलो. सरासरी १८३ वॉट, ताशी ३२ ला थोडंसं पुढे. चढावर याच काळात २०५ चे २०८ झाले, म्हणजे इंजिन फारसं मोठं झालेलं नाही, गळती बंद झाली. केडन्स शून्य: ३ टक्के.

पहिले दोन आठवडे भयंकर गेले. पाय थांबवायचा नाही असं ठरवल्यावर कळलं की मी कुठे कुठे थांबतो. बाटली काढताना. गतिरोधक लांबून दिसल्यावर. शिंकताना! आणि सगळ्यात जास्त, वेग ३१ दिसला की. आकडा चांगला दिसला की पाय आपोआप सुट्टी घ्यायचा. शेवटी कॉम्प्युटरवर वेगाचा रकानाच काढून टाकला, नुसते ३ सेकंदांचे सरासरी वॉट ठेवले. चौथ्या आठवड्यात एकदा पूल ते पूल, ४ किलोमीटर, एकही करकर नाही. त्या शांततेत चेनची बारीक सळसळ पहिल्यांदाच नीट ऐकू आली. उतरलो तेव्हा मांड्या थरथरत होत्या.

कोपर वाकवून दहा मिनिटं बसता येतं, बारा नाही. तेरा गुणिले तीन एकदाच पूर्ण केलं. अनुताईंशी नॉर्वेबद्दल सहमत.

गटात सपाटीवर अजून मागेच आहे, पण आता चाक सुटत नाही. ८० किलोवाला एकदा मागे वळून बघत होता. पाय थांबवून.

मंदगती
शेवटच्या ओळीसाठी दंडवत.

वॅटसन
अभिनंदन! नोंदीसाठी: १६५ वर ३० आणि १८३ वर ३२ च्या पुढे, यात नुसते वॉट नाहीत, निम्म्याच्या आसपास वाटा कोपराचा आहे. खोगीर यांचे आभार मानायचे राहिले.

आणि साखळीतेल काकांचं म्हणणं मी मागे घ्यायला लावलं नव्हतं, तरी माझं मागे घेतो.

खोगीर
आभार पोचले. बाराव्या मिनिटासाठी मानेचे आणि पोटाचे व्यायाम सुरू करा.

सपाटीचा_शत्रू
@साखळीतेल, काका, एकच शंका. हल्ली झोपेतसुद्धा करकर ऐकू येते. यावर काही?

साखळीतेल
मागचं हब उघडून पॉलवर (करकर वाजणाऱ्या खिट्ट्यांवर) जरा घट्ट ग्रीस लाव, आवाज कमी होईल. पण मग पाय थांबला तर तुला कळणार कसं? झोपेतच वाजू दे.